शिंप्याचं कुंपण

आमच्या बॅलिनस्कार गावच्या रेसकोर्सवर घोड्यांनी उडी मारून ओलांडायची नऊ कुंपणं आहेत आणि नऊच्या नऊ माझ्या हातची आहेत. हिवाळ्यात बर्च झाडाच्या काटक्या तोडायच्या, जुड्या बांधायच्या, लाकडी चौकटीत ठासून भरायच्या आणि साडेचार फुटांवर कातरून सारख्या करायच्या. माझे वडील हेच करत. त्यांच्यामागे चौतीस वर्षं मी करतोय. मॉर्टी हॅसेट म्हटलं की आमच्या भागात कुणीही माझं घर दाखवेल, आणि दाखवताना एखाद्या घोड्याची गोष्टही ऐकवेल.

आठ कुंपणांना नुसते नंबर आहेत. पाचव्याला नाव आहे. त्याच्या शेजारी पूर्वी एका शिंप्याचं घर होतं, म्हणून ते कुंपण 'शिंपी'. घोडे तिथे उतारावरून येतात. उडी मारल्यावर पलीकडची जमीन अलीकडच्यापेक्षा अडीच फूट खाली असायची, आणि घोड्याला ते हवेत गेल्यावरच कळायचं. पुढचे पाय टेकायला जावेत तर खाली काही नाही. कसलेला घोडा मान लांब करून सावरायचा. काही नाही सावरायचे.

आणि तरी लोक तिथेच येऊन उभे राहायचे. मीसुद्धा सहा वर्षांचा असताना वडिलांच्या खांद्यावर बसून तिथेच पहिली शर्यत पाहिली. आधी जमीन थरथरते. मग चौदा-पंधरा घोडे एकदम अंगावर आल्यासारखे येतात, त्यांच्या पोटांना काटक्या घासल्याचा आवाज होतो आणि पुढचा क्षणभर काहीच ऐकू येत नाही, कारण सगळे हवेत असतात. तो क्षण ज्याने जवळून पाहिला तो कायमचा बिघडला. आमचं अख्खं गाव असं बिघडलेलं आहे.

शर्यतीच्या दिवशी माझी जागा शिंप्यापाशी असते. सोबत दोन माणसं, पडलेल्या काटक्या पुन्हा खोचायला. आणि मागे गवतात आडवे ठेवलेले हिरवे पडदे. एखादा घोडा उठला नाही की लोकांना त्याचा शेवट दिसू नये म्हणून ते भोवती उभे करायचे. चौतीस वर्षांत ते मी किती वेळा उभे केले ते मोजलेलं नाही.

गेल्या वर्षी मार्चमध्ये तिथे डेक्लन नावाचा बावीस वर्षांचा जॉकी पडला. मी धावत पोचलो तेव्हा तो आभाळाकडे बघत होता. अगदी शांत आवाजात म्हणाला, "मॉर्टी, माझे पाय सरळ आहेत का बघ ना. मला कळत नाहीये."

पाय सरळ होते. आता तो चाकाच्या खुर्चीत असतो.

त्याच महिन्यात माझ्या मुलीला, एमरला, जॉकीचं लायसन्स मिळालं. वीस वर्षांची आहे. आम्हाला तेवढी एकच. ज्या रात्री तिने ते लायसन्स जेवणाच्या टेबलावर आपटून नाच केला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी रेसकोर्सच्या कमिटीला पत्र लिहिलं, की शिंप्यापलीकडची जमीन भरून घ्या. पत्रात घोड्यांबद्दल लिहिलं, डेक्लनबद्दल लिहिलं. एमरचं नाव नव्हतं. लिहिताना डोळ्यांसमोर मात्र तीच होती.

कमिटीने ऐकलं. उन्हाळ्यात चाळीस ट्रक माती आली. पत्र कुणाचं ते कमिटी आणि माझी बायको सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं. गावाने मातीवर तोंडसुख घेतलं आणि मी ती पसरतोय म्हणून माझ्यावरही.

"काय मॉर्टी, पलीकडे गाद्या पण घालणार का?" पबमध्ये कुणीतरी ओरडायचं.

"उशासुद्धा," मी म्हणायचो आणि ग्लासात बघत बसायचो.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी नव्या शिंप्यावरून पहिली शर्यत होती. त्याआधीच्या गुरुवारी क्रिस्टी लोनरगन काठी टेकत आला. हा आमच्याकडचा जुना जॉकी. कमरेचं हाड दोनदा मोडलेलं, एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली.

"चल लेका, बघू तरी काय करून ठेवलंयस," तो म्हणाला.

मला वाटलं सरळ कुंपणापाशी जाऊ. तो मला उताराच्या माथ्यावर घेऊन गेला आणि तिथेच थांबला.

"इथून काय दिसतं तुला?"

"कुंपण दिसतं. दुसरं काय?"

"मला मरण दिसायचं. साठ वेळा तरी आलो असेन इथून, साठही वेळा दिसलं." तो हसला नाही. "मग काय करायचो? मागे रेलायचो, लगाम आखडायचो. दोन ढांगा घोड्याला आवरून धरायचो. सगळेच धरायचे. पलीकडे काय आहे ते घोड्याला कुठे ठाऊक असायचं? आम्हाला असायचं ना."

"आणि आता?"

"आता कशाला कोण आवरतंय? पलीकडे सपाट केलंयस तू. पोरं सुसाट सोडणार. उतार आहे तसाच ठेवलायस ना?"

उतार आहे तसाच होता. चाळीस ट्रक माती मी पलीकडे ओतली, आणि अलीकडच्या उताराचा विचार एकदाही माझ्या मनात आला नव्हता.

क्रिस्टीने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि घाईघाईने म्हणाला, "तसं काही होणार नाही रे. म्हातारपणी जीभ सुटते माझी." पण परत जाताना तो कुंपणापाशी आला नाही. वरूनच वळला.

 भीती मला नवी नव्हती. शिंप्यापाशी दर शर्यतीला मी भीत आलोय. पण ती भीती जमिनीची होती, आणि ती जमीन माझ्या आधीपासून तिथे होती. आताची जमीन मी केलेली होती. उद्या तिथे कुणी उठलं नाही तर कुणाकडे बोट दाखवणार? शुक्रवारी पहाटे मी माथ्यावरून कुंपणापर्यंत सात वेळा चाललो. मग एकदा पळालो. एकसष्टाव्या वर्षी, रबरी बूट घालून. खाली येईपर्यंत मला थांबता येईना, हात पसरून काटक्यांवरच आदळलो. मी थांबू शकलो नाही, तर अर्धा टन वजनाचा घोडा कसा थांबणार?

तसाच ऑफिसात गेलो. डर्व्हला क्वर्क रेसकोर्सचा सगळा कारभार बघते. बाई चाळिशीच्या आतली, पण कमिटीतल्या म्हाताऱ्यांना पुरून उरते.

"या शर्यतीपुरता शिंपी वगळा," मी म्हणालो. "दोन झेंडे लावू, घोडे बाजूने जातील."

तिने पेन खाली ठेवलं. "मॉर्टी, पत्र तुम्ही लिहिलंत. त्या पत्रासाठी मी कमिटीशी भांडले. आणि परवावर शर्यत आल्यावर तुम्ही म्हणताय, कुंपणच वगळा?"

"उतार लक्षात आला नाही माझ्या. घोडे फार जोरात येतील."

"तपासनीस येऊन गेलेत. पास केलंय त्यांनी."

"ते चालत आले होते, डर्व्हला."

तिला हसू येणार होतं, पण आलं नाही.  मग तिने तपासनीसांना फोन लावला. पंधरा मिनिटं बोलली. वगळायला ते तयार नव्हते. नुसत्या शंकेवर कुंपण काढता येत नाही म्हणाले. एवढीच परवानगी दिली की कुंपणाच्या पायथ्याची केशरी फळी दीड फूट पुढे घ्यावी आणि मधल्या जागेत काटेरी झुडपाच्या फांद्या तिरप्या रचाव्यात. फळी पुढे दिसली की घोडा लांबूनच उडी घेतो, कुंपणाच्या पोटात शिरून फसत नाही.

"पुरेल?" फोन ठेवून डर्व्हलाने विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणालो.

संध्याकाळी एमर जेवायला आली. ती दुसऱ्या गावी तबेल्यातच राहते, शुक्रवारी घरी येते. रविवारी तिला घोडा मिळाला होता. गळ्यावर पांढरा पट्टा असलेला काळा घोडा. पाद्र्याच्या कॉलरसारख्या त्या पट्ट्यामुळे तबेल्यात त्याला सगळे 'पाद्री' म्हणतात. नोरीनने, माझ्या बायकोने, कोबी आणि उकडलेलं डुकराचं मांस केलं होतं. एमरने बटाटे वाढून घेतले आणि सुरू झाली.

"बाबा, खरंच सांगते, शिंपी ज्याने बुजवायला लावला ना, त्याला त्याच मातीत पुरायला हवं. सगळे हसतात आम्हाला. म्हणे, आता तुमची शर्यत म्हणजे बागेतला फेरफटका."

नोरीन माझ्याकडे बघायला लागली. तिला ठाऊक होतं.

"मी लावलं," मी म्हणालो.

"काय?"

"पत्र मी लिहिलं होतं."

एमरने काटा ताटात ठेवला. "डेक्लनमुळे?"

इथे मला हो म्हणता आलं असतं. नोरीनने नंतर तेच विचारलं, 'हो' का म्हणाला नाहीस म्हणून. पण आदल्या रात्री झोप नव्हती आणि खोटं बोलायला लागतं तेवढंही बळ उरलं नव्हतं.

"तुझ्यामुळे," मी म्हणालो. "मी तिथे पडदे घेऊन उभा असतो, एमर. तू तिथून येणार. मला नाही झेपणार ते."

ती पांढरी पडली. ती चिडली की लाल होत नाही, पांढरी पडते. "म्हणजे तुला वाटतं मला जमलं नसतं. सहा वर्षांची असल्यापासून त्या कुंपणावरून उडी मारायची म्हणून मी मरतेय. आजोबांनी बांधलेल्या कुंपणावरून. आणि तू ते... माझ्यासाठी सोपं करून ठेवलंस?"

"सोपं नाही झालं ते. तेच सांगतोय. आता जास्त वाईट झालंय. उतारावर घोडा आवरून धर, माथ्यावरून दोन ढांगा..."

"मला घोडा कसा चालवायचा ते शिकवू नकोस!"

खुर्ची मागे पडली. दार वाजलं, मग गाडीचा आवाज आला. नोरीनने तिचं ताट झाकून ठेवलं. कुणासाठी ते मी विचारलं नाही.

शनिवारी दिवसभर मी फळी हलवली, काटेरी फांद्या रचल्या, त्यांची टोकं कातरली. हात रक्ताळले. आणि सबंध वेळ एकच प्रश्न डोक्यात: पहिल्यांदा बदल केला तोही भल्यासाठीच होता, मग हा दुसरा बरोबर कशावरून? दीड फूट जास्त झालं तर? लांबून उडी घेणारा दमलेला घोडा पलीकडे पोचलाच नाही तर? संध्याकाळी फळी चार इंच मागे घेतली. अंधार पडायच्या आत पुन्हा होती तिथे आणली.

रविवारी ऊन होतं. गर्दी तुफान, नव्या शिंप्याची फजिती बघायला अर्धा जिल्हा लोटला होता. एमर घोड्यांच्या रिंगणात मला दुरून दिसली, हिरवा सदरा, पांढरी टोपी. तिने माझ्याकडे बघितलं नाही. मी माझ्या जागी गेलो. 

शर्यत तीन मैलांची, म्हणजे शिंपी दोनदा. चौदा घोडे सुटले. पहिल्या फेरीत ते माथ्यावर आले तेव्हाच मला कळलं, क्रिस्टी बरोबर होता. एकही जॉकी मागे रेलला नाही. एकही लगाम आखडला नाही. पूर्वी तिथे सगळे क्षणभर वेग आवरून यायचे, आता बांध फुटल्यासारखे आले. जमीन थरथरली, काटक्या वाजल्या, मी डोळे मिटले. उघडले तेव्हा चौदाच्या चौदा पलीकडे होते आणि लोक आरडाओरडा करत टोप्या उडवत होते.

"बघ मॉर्टी!" माझा एक माणूस माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला. "उगाच घाबरत होतास."

पण पहिल्या फेरीत घोडे ताजे असतात. दुसऱ्या फेरीत दमतात, आणि उतार दमलेल्या घोड्याला ओढत नेतो. मी पडद्यांकडे बघितलं. मग मुद्दाम तिकडे पाठ केली.

दुसऱ्या फेरीत माथ्यावर नऊच घोडे उरले होते, पाच वाटेत मागे पडून थांबले होते. सगळ्यांत पुढे एक तांबडा, त्याच्या डाव्या अंगाला, अगदी बरोबरीने, पांढरी टोपी. दोघेही सुसाट. आणि मग मला दिसलं, एमर मागे रेलली. तिचे कोपर अंगाशी आले. पाद्रीची मान वर झाली. एक ढांग, दोन ढांगा, तिने त्याला आवरून धरलं, आणि तांबडा दीड घोड्याइतक्या अंतराने पुढे निघून गेला.

तिने माझं ऐकलं होतं.

तांबड्याला फळी दिसलीच नाही की दिसून थांबता आलं नाही, देव जाणे. तो कुंपणाच्या पोटात शिरला, छातीने काटक्या फोडत पलीकडे कोसळला आणि गडगडत डावीकडे आला. पाद्रीने उडी सुरेख घेतली होती. उतरायला मात्र त्याला जागाच नव्हती. तो तांबड्यावर उतरला, अडखळला, उलटला. पांढरी टोपी गवतात गेली. मागचे सात घोडे त्यांच्या डोक्यावरून आले, आजूबाजूने आले, आणि निघून गेले.

मग शांतता.

तांबड्याचा जॉकी लगेच उठून बसला. पाद्री उठला, खोगीर पोटाखाली लोंबकळत पळत सुटला. तांबडा आडवा होता. एमर आडवी होती, तोंड गवतात, एक हात अंगाखाली.

मी धावलो असेन. मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मी तिच्यापाशी पोचलो तेव्हा माझ्या हातात हिरवा पडदा होता. चौतीस वर्षांची सवय. हातांनी तो आपणहून उचलला होता. आणि मी तो तिच्याभोवती उभा करत होतो, माझ्याच मुलीभोवती. पलीकडे स्टँडमध्ये नोरीन दुर्बीण घेऊन उभी होती, हे माझ्या ध्यानातही नव्हतं.

"एमर," मी म्हणालो.  "एमर, बाळा."

डॉक्टर येऊन गुडघ्यांवर बसले. त्यांनी तिच्या मानेला हात लावला. माझे डोळे तिच्या बुटांवर होते. डेक्लनचे बूट असेच होते, सरळ, टाचा जुळलेल्या.

"बाबा," गवतातून आवाज आला. "तो पडदा काढ. आई बघत असेल ना."

मी पडदा फेकून दिला. "पाय हलव," मी म्हणालो. "आधी पाय हलव."

तिने दोन्ही बूट हलवले. मी तिथेच गवतात बसलो.

थोड्या वेळाने तांबडाही उठला. नुसता दम गेला होता त्याचा. अंग झाडून, जणू काही झालंच नाही असा तो चरायला लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पलीकडची जमीन खाली असती तर मान मोडून मेला असता, असं नंतर सगळे म्हणाले. पलीकडची जमीन खाली असती तर तो इतक्या जोरात आलाच नसता, असं क्रिस्टी म्हणाला. दोन्ही खरं असावं.

डर्व्हला चिखल तुडवत धावत आली. तिने फुटलेल्या कुंपणाकडे पाहिलं, स्ट्रेचरकडे पाहिलं.

"पुढच्या शर्यतीत शिंपी वगळतेय मी," ती म्हणाली. "झेंडे लावायला सांगितलेत. तुम्ही जा, मॉर्टी. जा तिच्याबरोबर."

शुक्रवारी मी हेच मागितलं होतं. पण तिची हनुवटी थरथरत होती. मी अँब्युलन्समध्ये चढलो.

गळपट्टीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं, दोन बरगड्यांना तडा. डोक्याला मार नव्हता. संध्याकाळी हॉस्पिटलात नोरीन पलंगाच्या एका बाजूला, मी दुसऱ्या. नोरीन माझ्याशी बोलत नव्हती. पडदा दिसल्यावर स्टँडमधून खाली येईपर्यंतच्या चार मिनिटांत ती काय काय जगली, ते तिने मला आजवर सांगितलेलं नाही.

"आवरून धरलं म्हणून पडले," एमर छताकडे बघत म्हणाली. "नसतं धरलं तर त्याच्या पुढे असते."

हाच विचार मी अँब्युलन्सपासून करत होतो. "हो," मी म्हणालो.

"किंवा त्याच्याचसारखी आत शिरले असते."

"हो."

"तुला काहीच ठाऊक नाही ना, बाबा?"

"नाही."

 मग चांगल्या हाताने तिने पांघरुणाची एक घडी वर ओढली, उतारासारखी. "हे बघ. हा माथा. तू कुंपण इथे खाली ठेवलंयस. ते उचल आणि उताराच्याही पलीकडे ने, जिथे पुन्हा चढ लागतो. चढावर घोडा आपोआप आवरतो. कुणाला काही लक्षात ठेवावं लागत नाही."

मी त्या घडीकडे बघत राहिलो. ऐंशी पावलं पुढे. तिथे ओलसर जमीन होती, पाणी काढून द्यावं लागलं असतं. पण होण्यासारखं होतं.

"मग तो शिंपी राहील का?" मी विचारलं.

"नाव काय, नेता येतं बरोबर."

नोरीनने नाक ओढलं. "दोघांनाही वेड लागलंय," ती भिंतीला म्हणाली.

डॉक्टर आले, तेव्हा एमरने पहिला प्रश्न विचारला तो किती आठवड्यांचा. सात, ते म्हणाले, कदाचित आठ. तिने बोटांवर मोजायला सुरुवात केली. नोव्हेंबर पूर्ण. डिसेंबरचे तीन.

"ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी लिमरिकला शर्यत आहे," ती म्हणाली.

नोरीन उठली आणि बाहेर निघून गेली.  लिमरिकची कुंपणं माझी नाहीत. तिथे मी नसणार. कठड्याबाहेर उभा राहून बघणार, इतर कुठल्याही बापासारखा.

"कुठल्या घोड्यावर?" मी विचारलं.